बोटात पोवळं, ओठावर भूतदया

आज जरा भांडायचं आहे. रागावून नाही, मुद्द्याला धरून. आयुष्यभर शाळेत भाषा आणि इतिहास शिकवला, त्यामुळे वाद अर्धवट सोडवत नाही, त्याला माझा इलाज नाही.

विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. माझ्या धाकट्याकडे न्यू जर्सीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. त्यात मासे चारदोनच, मुख्य वस्ती सॉफ्ट कोरलची, म्हणजे मऊ प्रवाळांची. ती वाढून एकमेकांवर चढायला लागली की तो त्यांचे तुकडे वेगळे करतो, छोट्या छोट्या दगडांवर लावतो आणि ओळखीच्या लोकांना वाटतो. मागच्या महिन्यात त्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. एका हातात कैची, दुसऱ्या हातात छत्रीसारखं तपकिरी प्रवाळ. झालं! आमच्या वन्सं लिहित्या झाल्या, "जिवंत प्राण्याचे तुकडे करायचे आणि त्याला छंद म्हणायचं? पाप आहे हे." पाठोपाठ सहा जणांनी हात जोडले. एकाने रडका चेहरा टाकला. आणि माझी अकरा वर्षांची नात, जी इतके दिवस बाबाच्या शेजारी स्टुलावर बसून वाडगे धरत होती, ती म्हणाली, मी आता हे करणार नाही, आत्याआजी म्हणते पाप लागतं.

इथे माझं डोकं फिरलं. मोठ्यांनी आपसात काय हवं ते म्हणावं. पण एक मुलगी हाताने काही शिकत होती, तिचं शिकणं एका ओळीत बंद पडलं. वन्सं, तुम्ही हे वाचाल हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहिते आहे.

आधी हे प्रवाळ म्हणजे काय ते बघू. प्रवाळ हा प्राणीच, वनस्पती नव्हे. हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण एक प्राणी नव्हे, वसाहत. शेकडो बारीक जीव, ज्यांना पॉलिप म्हणतात, एकाच मऊ गराने जोडलेले. मऊ प्रवाळांच्या पॉलिपला आठ शुंडके असतात आणि प्रत्येक शुंडक पिसासारखं झालरदार. दगडी प्रवाळं चुन्याचा घट्ट सांगाडा बांधतात, ही बांधत नाहीत. यांच्या अंगात चुन्याच्या सूक्ष्म काड्या विखुरलेल्या असतात, तेवढाच काय तो आधार. पोटासाठी अंगात सूक्ष्म शैवाल पाळतात आणि त्याने उजेडात बनवलेल्या अन्नावर बरंचसं भागवतात.

आता ही मंडळी समुद्रात वाढतात कशी? अंडी-शुक्राणू सोडूनही वाढतात आणि तुटूनही. केनिया ट्री नावाचं एक झाडासारखं मऊ प्रवाळ आहे, ते आपल्या फांद्यांची टोकं आपणच गाळतं. ती वाहत जातात, जिथे अडकतील तिथे चिकटतात. झेनिया म्हणून दुसरं आहे, ज्याचे पॉलिप मुठी उघडमिट केल्यासारखे हलत असतात. ते दगडावरून सरकत जातं आणि मागे तुकडे सोडत जातं. ग्रीन स्टार पॉलिपची जांभळी साय दगडावर पसरते. साय फाडली तर दोन्हीकडे वाढते. लहानपणी पानफुटीचं पान वहीत ठेवलं असेल ना सगळ्यांनी? कडेकडेने रोपं फुटायची. तसंच काहीसं, फक्त हे प्राण्याच्या बाबतीत.

आणि कैची चालवतात ती कशी, हेही सांगते, कारण पाप म्हणणाऱ्यांपैकी एकानेही ते बघितलेलं नाही. मी त्या घरी सहा महिने राहिले आहे आणि बऱ्याचदा बघितलं आहे. प्रवाळ आधी ठणठणीत असावं लागतं. नवीन आणलेलं, मरगळलेलं, अंग मिटून बसलेलं असेल तर त्याला हात लावायचा नाही. (छत्रीवाल्या लेदर कोरलची गंमत अशी की ते अधूनमधून आपणहून मिटतं, अंगावर मेणचट पापुद्रा येतो, काही दिवसांनी तो गळतो आणि ते पुन्हा उमलतं. नवशिके लोक आजारी पडलं म्हणून घाबरतात.) मग टाकीतलंच पाणी वेगळ्या टबात काढायचं, कारण कापल्यावर जो चिकट पातळ द्रव सुटतो तो टाकीत नको. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. पातं धारदार हवं. बोथट पात्याने गर चेचला जातो आणि चेचलेली जखम सडते. छत्रीचा घेर एका झटक्यात कापायचा. उरलेल्या बुंध्याला काही आठवड्यांत नवं डोकं फुटू लागतं. कापलेल्या छत्रीच्या पुरणपोळीच्या चतकोरासारख्या फोडी करायच्या, स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळायच्या.

पुढची अडचण चिकटवण्याची. अंग इतकं बुळबुळीत की गोंद धरत नाही. म्हणून कोणी टूथपिक आरपार घालून दगडाला रबरबँडने अडकवतात, कोणी वर जाळीचं झिरझिरीत कापड बांधतात, कोणी वाडग्यात बारीक खडे घालून त्यावर नुसतं ठेवतात आणि पाण्याची धार मंद करतात. आठवड्या-दोन आठवड्यांत तुकडा खड्याला आपणच धरतो. टाकीत कोळसा घालून पाणी गाळावं लागतं, कारण ही प्रवाळं टर्पीन जातीची रसायनं सोडतात आणि शेजारच्या दगडी प्रवाळांना हैराण करतात. पाणी साधारण २५ अंशांचं, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार, आणि यात चढउतार होऊ द्यायचा नाही. एवढी निगा आम्ही बाळंतिणीची केली नसेल!

आता मुद्द्यांवर येते.

मुद्दा पहिला : त्याला दुखतं का?

प्रवाळाला मेंदू नाही. अंगभर मज्जातंतूंचं साधं जाळं आहे, स्पर्श झाला की ते मिटतं. आपण ज्याला वेदना म्हणतो ती त्यात असण्याची शक्यता फार कमी आहे. पण मी माझा वाद यावर उभा करणार नाही. समजा, तुमच्या समाधानासाठी धरून चालू की त्याला काहीतरी होतं. तरीही कापणाऱ्या माणसाला क्रूर म्हणण्याआधी इतिहासाचं एक पान उलटा.

१७४० साली हॉलंडमध्ये, हेग शहराजवळ, अब्राहम ट्रेंब्ले नावाचा एक शिक्षक एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवायला होता. खंदकातल्या पाण्यात त्याला हिरवे बारीक जीव दिसले. वनस्पती की प्राणी, कळेना. त्याने ठरवलं, कापून बघू. वनस्पती असेल तर दोन्ही तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरेल. तुकडे जगले, आणि प्रत्येकाचा पुरा जीव झाला. पण तो जीव चालत होता, भक्ष्य पकडून खात होता! म्हणजे प्राणी. तो जीव म्हणजे हायड्रा, प्रवाळांचा गोड्या पाण्यातला नातेवाईक. १७४४ साली त्याने त्यावर ग्रंथ छापला.

यात प्रवाळाचा संबंध असा. त्याच्या आधी, १७२० च्या दशकात, पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने सांगितलं होतं की लाल पोवळं ही वनस्पती नाही, प्राण्यांची वसाहत आहे. पॅरिसच्या रेओम्यूरसारख्या मोठ्या विद्वानाने ते मानलं नाही. ट्रेंब्लेच्या कातरकामानंतर मात्र त्याला मानावं लागलं. म्हणजे वन्सं, "जिवंत प्राण्याचे तुकडे" असं तुम्ही जे ठासून लिहिलंत, त्यातला "प्राणी" हा शब्द तुमच्या हाती पडायलाही एका मास्तरची कात्रीच कामी आली. आणि ते शिकताना त्याच्याजवळ दोन मुलं होती. त्यांना कोणी पाप लागेल म्हणून उठवलं नाही.

मुद्दा दुसरा : न कापलेलं कुठून येतं?

ही टाकी जेव्हा मांडली, तेव्हाही त्याने फोटो टाकले होते. तेव्हा सगळ्यांनी लिहिलं, किती सुंदर, अगदी समुद्रच घरात आणलास! कोणी विचारलं नाही की हे जीव आले कुठून. जगभरातल्या हौशी टाक्यांमधली प्रवाळं वर्षानुवर्षं मुख्यतः इंडोनेशिया आणि पॅसिफिकमधल्या बेटांच्या समुद्रातून काढून विमानाने पाठवली जात आली आहेत. पिशवीत, अंधारात, हजारो मैल. वाटेत मेली ती मेली. २०१८ साली इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात थांबवली तेव्हा या धंद्यात हाहाकार उडाला. २०२० मध्ये लागवड केलेल्या प्रवाळांची निर्यात पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ज्यांच्या टाकीत आधीच वसाहती होत्या आणि ज्यांना त्या वाढवता येत होत्या, त्यांचं काही अडलं नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला तुकडा दिला, भागलं.

आता हिशोब करा. एका छत्रीच्या आठ फोडी झाल्या, आठ घरी गेल्या. ती आठ माणसं नाहीतर दुकानात गेली असती आणि त्यातल्या काहींनी तरी समुद्रातून उपटलेलं प्रवाळ घेतलं असतं. मग क्रूर कोण? जो स्वतःच्या टाकीतलं कापतो तो, की जो न कापलेलं, सबंध, डौलदार, समुद्रातून उचललेलं विकत घेतो तो? माझं म्हणणं तर याच्याही पुढे आहे. ज्याला प्रवाळ वाढवून वाटता येत नाही, त्याने ते पाळूच नये. ज्याला नुसतं बघायचं आहे त्याने मत्स्यालयात तिकीट काढावं. हॉलंडमध्येच आर्नहेमच्या बर्गर्स प्राणिसंग्रहालयात जिवंत प्रवाळांची साडेसात लाख लिटरची टाकी आहे. जाऊन डोळे भरून बघावं.

मुद्दा तिसरा : तुमच्या बोटातलं काय?

हे लिहिताना मला हसू येतंय, पण लिहिलंच पाहिजे. हात जोडणाऱ्या सहांपैकी तिघांच्या अनामिकेत पोवळं आहे. मंगळासाठी. वन्सं, तुमचं तर सोन्यात जडवलेलं.

ते पोवळं म्हणजे काय? भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचा सांगाडा. आणि हे लाल प्रवाळ कुठल्या घराण्यातलं? आठ शुंडकांच्या. म्हणजे माझ्या मुलाच्या टाकीतल्या मऊ प्रवाळांचं चुलत भावंडच! फरक एवढाच की त्याला आत लाल दगडासारखा कणा असतो. त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. बोटात शोभेल एवढा खडा निघायला त्याची किती दशकं गेली असतील याचा अंदाज करा. ते खडकावरून तोडतात, वरचा जिवंत गर खरवडून टाकतात, कण्याला घासून पॉलिश करतात. तिथे बुंध्याला नवं डोकं फुटेल म्हणून कोणी वाट बघत बसत नाही.

आणि ही आपली हौस आजची नाही. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवलं आहे की रोमन लोकांना जसं हिंदुस्थानच्या मोत्यांचं वेड, तसं हिंदुस्थानच्या लोकांना पोवळ्यांचं. त्याच सुमाराच्या पेरिप्लस या खलाशांच्या मार्गदर्शक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळं आहे. दोन हजार वर्षं आपण मेलेलं प्रवाळ मिरवतो आहोत, आणि एका मुलाने जिवंत ठेवण्यासाठी कापलं तर पाप!

पोवळं काढून टाका असं मी म्हणत नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण ते घालून दुसऱ्याला भूतदया शिकवू नका. इतकंच.

आता चिरंजीवांकडे वळते, कारण त्यांना वाटेल आईने आपली बाजू घेतली. बाळा, तुझे आणि तुझ्या दोस्तांचेही कान धरायचे आहेत. तुम्ही लोक म्हणता, आम्ही प्रवाळ वाचवतो आहोत. नाही रे! तुम्ही तुमचा छंद जरा शहाणपणाने करता आहात. तो चांगला आहे. पण त्याला समुद्र वाचवणं म्हणू नका.

कारण एक, कापून केलेलं प्रत्येक प्रवाळ मूळच्याची हुबेहूब नक्कल असतं. हजार तुकडे झाले तरी वाण एकच. एका रोगाला एक बळी पडलं की सगळी पडणार. समुद्राला हवं असतं वैविध्य, ते नर-मादी पेशींच्या मिलनातून येतं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१२ पासून 'प्रोजेक्ट कोरल' नावाचं काम चालू आहे. तिथे टाकीतच ऋतू, चंद्र आणि तापमानाची नक्कल करून दगडी प्रवाळांना अंडी सोडायला लावतात. त्याला काम म्हणायचं.

कारण दोन, तुमच्या टाकीतला तुकडा समुद्रात परत जाऊच शकत नाही, आणि जाऊही नये. कुठल्या कुठल्या समुद्रातले जीव एकाच पाण्यात राहिलेले, कुठले रोग घेऊन बसलेत कोण जाणे. व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. झेनियाचं एक भावंड, युनोमिया स्टोलोनिफेरा, मूळचं हिंदी-प्रशांत महासागरातलं, अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून तिथे पोहोचलं असं मानतात. त्याने तिथल्या प्रवाळांवर आणि समुद्री गवतावर अशी साय धरली की खालचं सगळं गुदमरलं. घरात जे कौतुकाने वाढवतो तेच बाहेर गेलं की जलपर्णी होतं. म्हणून वाढलेलं प्रवाळ कधीही, कुठल्याही नाल्यात, खाडीत, समुद्रात टाकायचं नाही. टबातलं पाणीसुद्धा नाही.

कारण तीन, समुद्रातलं संकट कैचीच्या आवाक्यातलं नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या किनाऱ्याचं पाणी इतकं तापलं की रोपवाटिकेत वाढवलेली प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. जगभरात चौथ्यांदा प्रवाळं पांढरी पडत असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. प्रवाळ टाकीत जगवण्याची विद्या तिथे उपयोगी पडली हे खरं, आणि ती विद्या घडायला हौशी लोकांचा हातभार लागला हेही खरं. पण पाणी थंड कसं करायचं, याचं उत्तर टाकीत नाही.

आणखी एक. काही जण तुकड्यांना चित्रविचित्र नावं देऊन नखाएवढ्या तुकड्याचे शेकडो डॉलर घेतात. त्याबद्दल मी अधिक बोलत नाही. आणि झोअँथिड जातीचे रंगीत पॉलिप कापणार असाल तर सावध! त्यांच्यातल्या पॅलिथोआ प्रकारात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. १९७१ साली हवाईतल्या अशाच जीवांतून ते वेगळं काढलं. असे दगड घरात उकळून साफ करणारी माणसं वाफेने इस्पितळात पोचली आहेत. नातीला त्याच्या जवळपासही बसवू नकोस. मऊ प्रवाळं शिकायला पुरेशी आहेत.

इथल्या वाचकांसाठीही दोन शब्द, कारण कोणीतरी नक्की विचारणार, काकू, हे आपल्याकडे कुठे मिळेल? मिळवू नका. आपल्याकडे सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवलंय त्यांना. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही खिशात घालायचा नाही. आणि आपल्याकडे प्रवाळ आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं! मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. विजयदुर्गासमोर खोल समुद्रात, शंभरावर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक नावाचा बुडालेला पठारी भाग आहे, तिथेही प्रवाळ आहे. मुंबईत तर २०२० साली कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या. तेव्हा ग्रुपवर रडका चेहरा टाकलेला मला तरी आठवत नाही. आपल्या दारातला जीव हलवला तर विकास, आणि न्यू जर्सीत कापला तर पाप, हा कुठला न्याय?

असो. बरंच लिहिलं.

वन्सं, शेवटचं. तुमच्या माहेरी, म्हणजे आमच्या सासरी, विरजण कधी विकत आणलेलं मी बघितलं नाही. आपलं नासलं तर शेजारून वाटीभर यायचं, त्यांचं नासलं तर आपल्याकडून जायचं. तुम्हीच मला सांगितलं होतंत की विरजण देत राहावं, म्हणजे ते गावातून संपत नाही. हे प्रवाळवाले लोक नेमकं हेच करतात. एखाद्या रात्री वीज गेली, पंप बंद पडला, टाकी मेली, तरी चार घरांत आपलाच तुकडा जिवंत असतो. तो परत मागून आणता येतो. देऊन टाकणं हाच राखण्याचा मार्ग. पण देण्यासाठी आधी कापावं लागतं.

तेव्हा पोरीला एक फोन करा. तिला सांगा की पाप वगैरे काही लागत नाही, फक्त पातं धारदार असू दे आणि हात स्वच्छ. माझ्या शब्दापेक्षा तुमचा शब्द ती जास्त मानते, हे मला मान्य आहे.

तूर्तास इतकंच.